हजेरीपट कुणाचा?

१

आमच्या वेतनचिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात दर महिन्याला एक नोंद असते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ती ३०० होते आणि वर्षाचे २,५०० रुपये पूर्ण होतात. भविष्यनिर्वाह निधी, आयकर, पतसंस्थेचा हप्ता यांच्या गर्दीत ही नोंद इतकी किरकोळ दिसते की, पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेल्या प्राध्यापकालाही ती रक्कम कशासाठी कापली जाते हे सहसा सांगता येत नाही. आम्हांलाही बरीच वर्षे ते ठाऊक नव्हते. हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने लागू झाला आणि त्यामागचे मुख्य प्रयोजन रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हे होते. शहरातल्या पगारदाराने आपल्या वेतनातला एक वाटा द्यावा, राज्याने त्यात आपली भर घालावी आणि त्या पैशातून कोरडवाहू गावातल्या, काम मागणाऱ्या माणसाला काम मिळावे, अशी ती कल्पना होती.

रोजगाराच्या नावाने सरकारी तिजोरीतून जाणारा पैसा एवढाच नाही. त्याची दुसरी आणि अधिक प्रतिष्ठित वाट 'सामूहिक प्रोत्साहन योजना' या नावाने ओळखली जाते. मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात एकवटलेले उद्योग राज्याच्या मागास भागांत जावेत, म्हणून १९६४ साली ती सुरू झाली. पुढे १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९ अशा तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. एखाद्या क्रमिक पुस्तकालाही हेवा वाटावा इतक्या त्या आहेत! कधी विक्रीकराची माफी, कधी तो कर पुढे ढकलण्याची सवलत, कधी भरलेल्या कराचा परतावा, वीज शुल्कात सूट, मुद्रांक शुल्कात सूट, व्याजात अनुदान असे तिचे रूप बदलत गेले. प्रयोजन मात्र प्रत्येक आवृत्तीच्या प्रस्तावनेत जवळपास तेच राहिले : प्रादेशिक समतोल आणि रोजगारनिर्मिती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : रोजगाराच्या नावाने दिल्या जाणाऱ्या या दुसऱ्या पैशाचे माप रोजगार हे नाही, भांडवल हे आहे. पहिल्या वाटेने जाणाऱ्या पैशाला हजेरीपट होता. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या पैशाला गावकऱ्याने वाचावा असा हजेरीपट नाही. आणि हा भेद झाकण्याचे काम शासनाच्या मराठीने चोख केले आहे. ते मराठीच्या शिक्षकांनी दाखवायचे नाही, तर कुणी दाखवायचे?

'आपला प्रांत साहित्याचा, अर्थकारणात कशाला पडता?' हा प्रश्न आम्हांला विचारला जाणार, हे आम्ही गृहीत धरले आहे. त्याला उत्तर एवढेच की, शासन निर्णय हाही मराठीत लिहिलेला एक मजकूर आहे. ज्या मजकुराने आमच्या विद्यार्थ्यांचे आयुष्य ठरते, तो आम्ही वाचायचा नाही आणि ज्याने फक्त गुण ठरतात तेवढाच वाचायचा, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

२

वाचनाची सुरुवात एका उभयान्वयी अव्ययापासून करू. २००७ च्या योजनेत 'विशाल प्रकल्प' म्हणून खास सवलती मिळवण्यासाठी जी पात्रता ठरवण्यात आली, ती अशी होती : विकसित भागांत ५०० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक किंवा १,००० हून अधिक लोकांना रोजगार, मागास भागांत २५० कोटी रुपये किंवा ५०० लोकांना रोजगार. पुढच्या आवृत्त्यांत आकडे बदलले, गट बदलले. 'किंवा' मात्र जागच्या जागी राहिले.

व्याकरणाच्या तासाला आम्ही शिकवतो की, 'किंवा' हे विकल्पबोधक अव्यय आहे. दोन गोष्टींपैकी कोणतीही एक चालेल, असे ते सांगते. म्हणजे ज्याने गुंतवणूक केली त्याने रोजगार दिलाच पाहिजे, असे हे वाक्य म्हणत नाही. गुंतवणूक असेल तर रोजगाराचा आकडा गाठला नाही तरी प्रकल्प 'विशाल' ठरतो. ज्या योजनेच्या प्रस्तावनेत रोजगार हे साध्य म्हणून येते, तिच्या पात्रतेच्या कलमात तेच साध्य पर्याय होऊन बसते. 'आणि' लिहिले असते तर योजना निराळी झाली असती.

साधा भागाकार करून पाहा. ५०० कोटी भागिले १,००० म्हणजे ५० लाख. २५० कोटी भागिले ५०० म्हणजे पुन्हा ५० लाखच. या कलमाच्या लेखी ५० लाखांची यंत्रसामग्री आणि एका माणसाची नोकरी यांचे वजन सारखे आहे. एकाच्या जागी दुसरे ठेवले तरी तराजू हलत नाही.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. उद्योगाला मिळणाऱ्या मुख्य अनुदानाची कमाल मर्यादा ठरते ती त्याच्या पात्र स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीवर, म्हणजे इमारत, यंत्रे, उपकरणे यांच्या किमतीवर. आणि दर वर्षी हाती पडणारी रक्कम ठरते ती त्याने भरलेल्या राज्य करावर. या हिशेबात माणूस कुठे येतो? यंत्र वाढवले की अनुदानाची मर्यादा वाढते, माणूस वाढवला की ती वाढत नाही. दहा माणसांचे काम एका यंत्राकडे द्यावे की नाही, असा विचार करणाऱ्या मालकाच्या कानात शासन जे सांगते, ते प्रस्तावनेतल्या वाक्याच्या नेमके उलट आहे. मालक लबाड आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो मजकूर नीट वाचतो, एवढेच. आम्ही वाचत नाही.

योजनेत स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याची अट आहे, असे यावर सांगितले जाते. अट आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु टक्केवारी ही प्रमाणाची अट असते, संख्येची नसते. दहा जणांच्या कारखान्यात आठ स्थानिक असले तरी ती पुरी होते. शिवाय 'नोकरी' म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. आमचा एक विद्यार्थी एम.ए. झाल्यावर दोन वर्षे तासिका तत्त्वाच्या मुलाखती देत हिंडला आणि शेवटी जवळच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत कामाला लागला. सात महिन्यांनी खंड, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावाने नवी नेमणूक, पुन्हा खंड, पुन्हा तिसरा कंत्राटदार. यंत्र तेच, पाळी तीच, दारावरचा पहारेकरीही तोच. "सर, मी एकटाच आहे, पण कागदावर तीन वेळा कामाला लागलोय," असे तो आम्हांला म्हणाला. रोजगार मोजताना अशा नेमणुका मोजल्या जात असतील, तर एका माणसाच्या अस्थैर्यातून तीन रोजगारांची निर्मिती होते!

३

आता शब्दांकडे येऊ. एकाच तिजोरीतून निघालेला पैसा कुणाच्या हातात पडतो यावरून त्याचे नाव बदलते. तो कारखान्याकडे गेला की 'प्रोत्साहन', शेतकऱ्याकडे गेला की 'मदत' किंवा 'माफी', वृद्ध विधवेकडे गेला की 'लाभ' आणि महाविद्यालयाकडे आला की 'अनुदान'. हे 'अनुदान' वित्त विभागाच्या टिपणीत शिरले की त्याचा 'बोजा' होतो. पैसा घेणाऱ्यांची नावेही अशीच पाहावीत. गरीब माणूस 'लाभार्थी' असतो. लाभाची इच्छा धरणारा, हात पसरणारा. कारखाना मात्र 'पात्र घटक' असतो. त्याला कसलीही इच्छा नसते, फक्त पात्रता असते. कर न भरण्याची सवलत मिळालेल्या उद्योगपतीला लाभार्थी म्हटल्याचे कुणी ऐकले आहे काय?

'रोजगारनिर्मिती' हा शब्दही असाच. भाववाचक नामाचा एक सोयीचा गुण असा की, त्याला कर्ता लागत नाही. 'अमुक कारखान्याने तमुक तालुक्यातल्या इतक्या माणसांना इतक्या वर्षांसाठी कामावर घेतले' या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, काळ आहे, ठिकाण आहे. त्यामुळे ते खोटे ठरू शकते. 'या प्रकल्पातून मोठ्या प्रमाणावर रोजगारनिर्मिती अपेक्षित आहे' हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही, कारण अपेक्षा खोटी ठरत नसते, ती फक्त राहून जाते. राज्याच्या आर्थिक पाहणीत 'प्रस्तावित गुंतवणूक' आणि 'अपेक्षित रोजगार' ही शब्दांची जोडी वर्षानुवर्षे सुखाने नांदते आहे. २०१८ मध्ये मुंबईत 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' नावाचा गुंतवणूक मेळा झाला. सुमारे १२ लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार आणि सुमारे ३७ लाख रोजगार, असे त्याचे फलित सांगण्यात आले. करार ज्या दिवशी झाले त्याच दिवशी रोजगार मोजून झाले होते. त्यांपैकी किती माणसे पुढे प्रत्यक्ष कामावर हजर झाली, कोणत्या तालुक्यातली, किती पगारावर, हे विचारण्यासाठी तेवढा मोठा मेळा कुणी भरवला नाही.

आम्ही स्वतः अनुदानावर जगणारी माणसे आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे. आमचे वेतन शासनाच्या तिजोरीतून येते. पण ते कसे येते? विद्यार्थिसंख्येवरून तुकडी ठरते, तुकडीवरून कार्यभार ठरतो, कार्यभारावरून पद ठरते. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला १६ तास. मराठी विषय घेणारी मुले घटली की पद 'अतिरिक्त' ठरते. आम्ही रोज हजेरीपटावर सही करतो, अलीकडे यंत्रावर बोटही टेकवतो. यात गैर काही नाही; सार्वजनिक पैशाचा हिशेब असाच हवा. मुद्दा एवढाच आहे की, माणसे मोजून पैसे कसे द्यावेत, हे शासनाला उत्तम कळते. एका मराठी विभागातल्या दीड पदाचा हिशेब ते चार पातळ्यांवर तपासते. शिवाय या शतकाच्या आरंभी शासनाने नव्या महाविद्यालयांसाठी 'कायम विनाअनुदानित' असा शब्दप्रयोगही रूढ केला. म्हणजे जेथे अनुदानाचा रुपया थेट एका शिक्षकाची नोकरी होतो, तेथे 'कायम' हे विशेषण नकाराला जोडले गेले. आणि जेथे त्या रुपयाची नोकरी होईलच याची खात्री नाही, तेथे योजनेची एकामागून एक आवृत्ती निघत राहिली.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधला एम.ए., बी.एड. झालेला एकनाथ आपण शेतीच्या शोकांतिकेचा नायक म्हणून शिकवतो. तसा तो आहेच. पण नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे देता न आल्यामुळे तो शेतीत अडकलेला आहे, याकडे वर्गात आपण किती लक्ष वेधतो? अनुदानित पदाला बाजारभाव येतो, कारण पदे कमी आणि एकनाथ फार. विदर्भातला हा तरुण 'ग्रामीण साहित्य' या एका प्रश्नाच्या उत्तरात संपवून टाकणे, हाही एक प्रकारचा 'अपेक्षित रोजगार'च झाला.

४

या सगळ्यात 'प्रदेश' कुठे गेला, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र एकत्र आला तो काही वचने देऊन. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाबरोबरच तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण आणि राज्याच्या सेवेतील नोकऱ्यांच्या पुरेशा संधी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे नोकरी हा प्रादेशिक न्यायाचा भाग आहे, असे संविधानानेच मानले आहे.

१९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि 'अनुशेष' हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात कायमचा रुजवला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यक सेवा अशा नऊ क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, ते रुपयांत मांडले गेले. एकूण आकडा तीन हजार कोटींच्या वर गेला. दांडेकरांच्या शिस्तीबद्दल आम्हांला आदर आहे. मोजल्याशिवाय बोलू नये, हा संस्कार त्यांनी या राज्याला दिला. परंतु त्या नऊ क्षेत्रांच्या यादीत रोजगार नव्हता. रस्त्याचा अनुशेष किलोमीटरमध्ये काढता आला. काम न मिळालेल्या माणसांचा अनुशेष कुणी काढला नाही. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती नेमली गेली, २०१३ मध्ये तिने अहवाल दिला. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा त्यांच्यासाठी फारसे कुणी रडले नाही.

मग रडू कशाचे आले? सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा, दीड लाख कोटींहून अधिक गुंतवणुकीचा म्हणून सांगितला गेलेला सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातेत गेला, तेव्हा. लाखभर नोकऱ्या पळवल्या, असा आक्रोश झाला. वर्तमानपत्रांचे रकाने भरले, मोर्चे निघाले. तो प्रकल्प महाराष्ट्रात कुठे येणार होता? पुण्याजवळच्या तळेगावात, गडचिरोलीत नव्हे, हिंगोलीत नव्हे. ज्या पट्ट्यातून उद्योग बाहेर काढण्यासाठी १९६४ मध्ये योजना सुरू झाली, त्याच पट्ट्याच्या कुशीत. आणि पुढे काय झाले? जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. गुजरातेतही त्या भागीदारीचा कारखाना उभा राहिला नाही. ज्या नोकऱ्या 'गेल्या' म्हणून आपण रडलो, त्या कुठेच निर्माण झाल्या नव्हत्या. दोन राज्ये एकमेकांवर सवलतींची बोली चढवत होती आणि आपण मराठी अस्मितेच्या भाषेत त्या बोलीला टाळ्या वाजवत होतो. राज्याराज्यांतली ही स्पर्धा किती आत्मघातकी आहे, हे सर्व राज्यांनी मिळून एकदा ओळखलेही होते. विक्रीकरातल्या सवलती देणे २००० सालच्या आरंभापासून बंद करायचे, असे त्यांनी ठरवले होते. पण करात सूट देणे बंद झाले आणि भरलेला कर परत देणे सुरू झाले. नाव बदलले की व्यवहार बदलतो, यावर आपली फार श्रद्धा आहे.

योजनेच्या परिभाषेत गडचिरोली, हिंगोली यांसारख्या जिल्ह्यांना 'उद्योगविरहित जिल्हा' म्हणतात. या शब्दापाशी थोडे थांबू. ज्या जिल्ह्यात तेंदूपाने आहेत, मोह आहे, बांबू आहे आणि ते गोळा करणारे, विणणारे, विकणारे हजारो हात आहेत, तो उद्योगविरहित कसा? विसाव्या शतकात देशातल्या कागद गिरण्यांना जंगलातला बांबू बाजारभावाच्या मानाने नाममात्र दरात मिळत राहिला. ते औद्योगिक धोरण मानले गेले. तोच बांबू गावकऱ्याने तोडला की तो वनगुन्हा ठरे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना त्याच्या ग्रामसभेच्या हाती आला. गावाच्या तिजोरीत पैसा आला आणि गावातल्या माणसांना काम मिळाले. यासाठी ना करपरतावा लागला, ना विशाल प्रकल्पाचा दर्जा. लागला तो एक हक्क, आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवणारी ग्रामसभा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज पाहा. १९८० च्या दशकात तेथे वाहन उद्योग आला, त्याच्या मागे सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने आले आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. मागास भागासाठीच्या सवलतींचा त्यात वाटा होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्या काही सहकाऱ्यांचे शिक्षण त्याच पगारांवर झाले आहे. म्हणून सवलती बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पण वाळूज का फळले आणि त्याच सवलती मिळालेली दुसरी एखादी वसाहत वेड्या बाभळींनी का भरली, हे कळण्यासाठी दोन्ही ठिकाणचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून वाचता आले पाहिजेत. ते नाहीत. त्यामुळे यश दिसले की ते योजनेचे आणि अपयश दिसले की ते 'स्थानिक परिस्थिती'चे, असा आपला हिशेब चालतो.

५

आता ज्या महाराष्ट्राने हजेरीपट शोधून काढला, त्याच्याकडे वळू. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याची योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याचे सूत्र अगदी साधे होते : अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढ माणसाला ते देणे हे राज्याचे कर्तव्य, न दिल्यास बेकारी भत्ता. येथे 'किंवा' होते, पण ते राज्याच्या मानेवर बसलेले होते. या कामांवर मोठ्या संख्येने बाया आल्या. त्यांच्या नावासमोर अंगठा उठला आणि त्या अंगठ्याशिवाय पैसा हलत नव्हता. २००५ चा केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा याच कल्पनेवर उभा राहिला.

या योजनेत भ्रष्टाचार झाला नाही काय? झाला, भरपूर झाला. मेलेल्या माणसांची नावे हजेरीपटावर चढली, न झालेल्या पाझर तलावांची बिले निघाली. 'बोगस मस्टर' हा शब्दच या योजनेने मराठीला दिला. रोजगार हमीचे टीकाकार हा शब्द उच्चारून विजयी मुद्रेने थांबतात. आम्ही त्यांना विचारू इच्छितो की, बोगस मस्टर सापडले कशामुळे? मस्टर होते म्हणून! खोटी नोंद पकडता येते, कारण नोंद असते. जेथे नोंदच नाही, तेथे खोटेपणाही नाही. सगळे कसे 'अपेक्षित' आणि स्वच्छ. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगावी जनसुनावण्या घेऊन हजेरीपट जाहीर वाचायला सुरुवात केली. त्या वाचनातून उभी राहिलेली मागणी पुढे देशाच्या माहिती अधिकाराच्या कायद्यापर्यंत गेली. आपल्या लोकशाहीतला एक मोठा कायदा ज्या दस्तऐवजाच्या सामूहिक वाचनातून घडला, तो दस्तऐवज म्हणजे मजुरांची हजेरी. साहित्याच्या अभ्यासकांनी वाचनाच्या सामर्थ्याचे याहून मोठे उदाहरण शोधून दाखवावे.

कारखान्यांच्या बाबतीत असे मोजणे व्यवहार्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी बाहेरही पाहावे. युरोपीय संघाच्या प्रादेशिक साह्याच्या नियमांत अनुदानाचा हिशेब यंत्रांच्या किमतीवर करता येतो, तसाच तो नव्या नोकऱ्यांच्या दोन वर्षांच्या वेतनखर्चावरही करता येतो. गुंतवणूक त्या प्रदेशात निदान पाच वर्षे, लहान उद्योगांच्या बाबतीत तीन वर्षे, टिकवण्याचे बंधन असते आणि ठरावीक रकमेवरचे साह्य कुणाला मिळाले, ते जाहीर करावे लागते. तेथील व्यवस्था आदर्श आहे, असा आमचा दावा नाही. मोजता येते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आपल्याकडेही मोजण्याची चाहूल लागली आहे, हे खरे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना महिना ६,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, तेही आरंभी सहाच महिन्यांसाठी. केंद्राने ऑगस्ट २०२५ पासून सुरू केलेल्या योजनेत नवीन माणूस नेमणाऱ्या मालकाला दर माणसामागे महिन्याला कमाल ३,००० रुपये मिळतात आणि माणूस मोजला जातो तो भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरून. यंत्राऐवजी माणूस मोजला गेला, हे पाऊल आम्हांला योग्य वाटते. पण पहिल्या योजनेत माणूस आहे, पुढची नोकरी नाही. दुसऱ्या योजनेत नोकरी आहे, पण प्रदेश नाही. मुंबईतली नेमणूक आणि कोरचीतली नेमणूक तिच्या लेखी सारखीच. प्रादेशिक समतोलाचे वचन आणि रोजगाराचे वचन एकाच वाक्यात कधी येणार?

६

आमच्या मागण्या फार नाहीत. पहिली, सवलतींच्या पुढच्या आवृत्तीत पात्रतेच्या कलमातले 'किंवा' काढून तेथे 'आणि' घालावे. दुसरी, अनुदानाची मर्यादा ठरवताना दिलेल्या वेतनालाही यंत्राच्या किमतीइतकेच स्थान द्यावे. तिसरी, सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने वर्षातून एकदा एका पानाचा हजेरीपट जाहीर करावा : यंदा किती रक्कम मिळाली, कायम कामगार किती, कंत्राटी किती, शिकाऊ किती, त्यांत स्त्रिया किती, तालुक्यातले किती आणि तीन वर्षांपूर्वी लागलेल्यांपैकी आज किती टिकून आहेत. कुणाचे नाव नको, संख्या पुरे. चौथी, तो मराठीत असावा आणि ज्या गावाची जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली, त्या गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. असे केल्याने उद्योग पळून जातील, असे कुणी म्हणेल. मिळालेले पैसे आणि दिलेल्या नोकऱ्या एका पानावर लिहिण्याच्या भीतीने जो उद्योग पळेल, तो नेमक्या कोणत्या नोकऱ्या घेऊन पळेल, हे त्याने सांगावे.

आपल्यासाठीही, म्हणजे मराठीच्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी, एक काम आहे. 'व्यावहारिक मराठी' नावाची प्रश्नपत्रिका आपण शिकवतो. अर्ज कसा लिहावा, इतिवृत्त कसे लिहावे, निवेदन कसे द्यावे, हे तीत असते. तिच्यात एखादा शासन निर्णय वाचायला घ्यावा. कर्ता कुठे लपला आहे, 'अपेक्षित' कुठे आले, 'किंवा'ने काय केले, हे मुलांना शोधू द्यावे. ती मुले उद्या त्याच वसाहतीच्या फाटकावर उभी राहणार आहेत. आपण काय शिकवले याचा हिशेब तेव्हा त्यांच्याकडून आपल्यालाही द्यावा लागेल, आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे.

आमच्या वेतनचिठ्ठीतले २०० रुपये पुढच्या महिन्यातही कापले जातील. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या बाईने भर उन्हात खडी फोडून हजेरीपटावर अंगठा उठवला, तिच्या कामासाठी ते जात होते याचे आम्हांला समाधान आहे. तिच्याकडून जेवढा हिशेब मागितला, तेवढाच कारखान्याकडूनही मागावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.